मिठाचे माप : हुसेन वाइज काशिफीच्या दोन ग्रंथांविषयी

इराणमध्ये मोहरमच्या दिवसांत करबलाची शोककथा सांगणाऱ्याला ‘रौजाखान’ म्हणतात. ‘रौजा’ म्हणजे बाग आणि ‘खान’ म्हणजे वाचणारा. शोकाच्या बैठकीत बाग कुठून आली, असा प्रश्न पडतो. तिचे उत्तर एका पुस्तकाच्या नावात आहे : ‘रौजतुश्शुहदा’, म्हणजे हुतात्म्यांची बाग. १५०२च्या सुमारास हेरातमध्ये हा फारसी ग्रंथ लिहिला गेला. तो सभेत मोठ्याने वाचला जाऊ लागला आणि वाचणाऱ्याला त्याच्यावरून नाव मिळाले. पुढे ग्रंथ हातात न घेता कथा सांगणाऱ्यालाही तेच नाव चिकटले. आज रौजाखानाने मूळ ग्रंथ पाहिलेला असेलच असे नाही.

ग्रंथकर्ता कमालुद्दीन हुसेन वाइज काशिफी. याच माणसाने ‘अन्वारे सुहैली’ लिहिले, म्हणजे आपल्या पंचतंत्राचा फारसीतला सर्वांत गाजलेला अवतार. एक पुस्तक शोकसभेत गेले. दुसरे बादशहांच्या चित्रशाळांत गेले आणि शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत येणाऱ्या तरुण साहेबांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसले. इतके वाचक लाभूनही वाङ्मयेतिहासात काशिफीची जागा दुय्यमच राहिली. तो संकलक होता, शब्दबंबाळ होता, त्याला चिकित्सा नव्हती, असे शेरे त्याच्या नावापुढे आढळतात. हे शेरे खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. पण ज्या मापाने ते दिले गेले ते माप बाहेरून आणलेले आहे. काशिफीने स्वतः एक माप लिहून ठेवले आहे. ते लावले तर त्याचे यश आणि त्याचा दोष, दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात. तेच या लेखात करून पाहायचे आहे.

हेरातचा प्रवचनकार

काशिफीचा जन्म पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, खुरासानातल्या सब्जवारचा. निशापूर आणि मशहद इथे काही काळ काढून तो हेरातला आला. मशहदमध्ये असताना नक्शबंदी संप्रदायातले थोर पुरुष सादुद्दीन काशगरी त्याच्या स्वप्नात आले आणि त्यांच्या ओढीने तो निघाला, अशी परंपरागत कथा आहे. तो पोहोचण्यापूर्वीच काशगरी वारले होते. हे वर्ष हिजरी ८६०, म्हणजे इ. स. १४५६. हेरातमध्ये कवी जामीशी त्याचा संबंध आला आणि तो नक्शबंदी वर्तुळात सामील झाला. त्याचा मुलगा फखरुद्दीन अली सफी याने पुढे याच संप्रदायातल्या सत्पुरुषांचा विख्यात चरित्रग्रंथ लिहिला.

हेरातच्या वैभवाचा तो काळ. सुलतान हुसेन बायकरा १४६९पासून १५०६पर्यंत गादीवर होता. त्याचा जिवलग अमीर अली शेर नवाई स्वतः तुर्की भाषेचा मोठा कवी आणि विद्वानांचा आश्रयदाता. जामी, चित्रकार बिहजाद आणि इतिहासकार मीरखांद हे सगळे एकाच शहरात होते. अशा शहरात काशिफी ओळखला जाई तो मुख्यतः ‘वाइज’, म्हणजे प्रवचनकार म्हणून. ‘काशिफी’ हे त्याचे लेखनातले उपनाव ‘काशिफ’, म्हणजे उलगडून दाखवणारा, या शब्दावरून घेतलेले. इतिहासकार खांदमीरने त्याच्या आवाजाची गोडी तर नोंदवलीच आहे, आठवड्याचे वेळापत्रकही दिले आहे. शुक्रवारी सकाळी सुलतानाच्या दारुस्सियादामध्ये, जुम्म्याच्या नमाजानंतर अली शेरच्या मशिदीत, मंगळवारी सुलतानाच्या मदरशात आणि बुधवारी एका पिराच्या दर्ग्यात त्याची प्रवचने होत. आठवड्यातून इतक्या वेळा वेगवेगळ्या सभांसमोर उभा राहणारा हा माणूस होता. त्याचे लेखन या सभांपासून वेगळे काढता येत नाही.

लेखनाचा व्यापही मोठा. अली शेरला अर्पण केलेले ‘मवाहिबे अलिय्या’ हे कुराणाचे फारसी भाष्य हिंदुस्थानात ‘तफसीरे हुसेनी’ या नावाने घरोघरी गेले. ‘अख्लाके मुहसिनी’ हा नीतिग्रंथ बायकराच्या मुलाच्या नावाने आहे. रूमीच्या मसनवीचा त्याने संक्षेप केला. पत्रलेखनावर लिहिले, ज्योतिषावर लिहिले, जादूटोण्याच्या विद्यांवरही लिहिले. या यादीला एक समान सूत्र आहे. जाणकारांच्या ताब्यातली विद्या घ्यायची आणि ती चांगल्या फारसीत सामान्य सुशिक्षितापर्यंत पोहोचवायची. त्याला संकलक म्हणणारे इथपर्यंत बरोबर आहेत.

चोवीस हजार वेळा

काशिफी सुन्नी की शिया, हा वाद त्याच्या हयातीतच सुरू झाला. सब्जवार हे जुने शिया गाव, तर हेरातचा दरबार सुन्नी. हेरातेत सब्जवारकर म्हणून संशय आणि सब्जवारला गेले की जामी-नवाईंच्या संगतीतला म्हणून संशय. यासंबंधीची एक आख्यायिका काझी नूरुल्ला शुश्तरी याने दिली आहे. हा शुश्तरी अकबराच्या काळात लाहोरचा काझी होता आणि जहांगीरच्या कारकिर्दीत, १६१०मध्ये, आग्र्याला मारला गेला.

आख्यायिका अशी. सब्जवारच्या प्रवचनात काशिफी म्हणाला, जिब्रील हा देवदूत पैगंबरांकडे बारा हजार वेळा आला. तेवढ्यात काठी घेतलेला एक म्हातारा उठला आणि त्याने विचारले, “आणि अलीकडे किती वेळा आला?” आला म्हणावे तर ते शास्त्राला धरून नाही. आला नाही म्हणावे तर काठी समोरच आहे. काशिफी म्हणाला, चोवीस हजार वेळा. आधार विचारल्यावर त्याने पैगंबरांचे प्रसिद्ध वचन सांगितले. मी ज्ञानाचे नगर आणि अली त्याचे दार, असा त्याचा आशय आहे. मग जिब्रील बारा हजार वेळा नगरात आला असेल तर जाता-येता दारावरून चोवीस हजार वेळा गेलाच असणार!

हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला तीत काशिफीच्या लेखनाची रीत दिसते. त्याने दोन्ही पक्षांना मान्य असलेले वचन निवडले आणि सभा फुटू दिली नाही. त्या काळच्या हेरातमध्ये सुन्नी असणे आणि पैगंबरांच्या कुळावर जीव ओवाळून टाकणे यांत विरोध नव्हता. अलीची कबर सापडल्याची वार्ता बायकराच्याच काळात, १४८०च्या सुमारास, बल्खजवळून आली. तिथे सुलतानाने इमारत उभारली आणि पुढे त्या जागी आजचे मजारे शरीफ वसले. सुन्नी-शिया अशी पक्की भिंत उभी राहिली ती सफवी सत्तेनंतर. शाह इस्माईलने तबरीज घेतले १५०१मध्ये आणि हेरात १५१०मध्ये. काशिफी हिजरी ९१०मध्ये, म्हणजे १५०४-०५मध्ये वारला. भिंत उभी राहण्याआधीच्या माणसाला ती कोणत्या बाजूला होता हे विचारून फारसे हाती लागत नाही.

कथेकऱ्याचे नियम

आता त्या मापाकडे येऊ. काशिफीच्या नावावर ‘फुतुव्वतनामाए सुलतानी’ नावाचा एक विलक्षण ग्रंथ आहे. ‘फुतुव्वत’ म्हणजे मर्दानगीचा, दिलदारपणाचा आचारधर्म. कारागिरांचे आणि कसबी लोकांचे संघ तो पाळत. या ग्रंथात पैलवान, हमाल, पाणक्ये, डोंबारी, हातचलाखी करणारे, स्तुतिपाठक आणि कथेकरी या सगळ्यांना त्यांच्या कसबाचा मान आणि नियम दिलेले आहेत. दरबारात वावरणाऱ्या धर्मपंडिताने चौकातल्या लोकांवर इतक्या आस्थेने लिहावे, हे पंधराव्या शतकातच काय, नंतरही दुर्मीळच.

त्यातले कथेकऱ्यांसाठीचे नियम लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. नवशिक्याने कथा आधी गुरूपाशी वाचलेली असावी. कोणत्या सभेला काय चालेल हे ओळखावे. फार लवकर थांबू नये, फार ताणूही नये. पैशासाठी श्रोत्यांच्या मागे लागू नये. कोणाचे मन दुखावेल असे टोमणे मारू नयेत. अशक्य आणि अतिशयोक्त सांगू नये, कारण त्याने सांगणाराच लोकांच्या नजरेत हलका होतो. आणि गद्याला अधूनमधून पद्याची जोड द्यावी, पण कंटाळा येईल इतकी नको. पद्य हे हंडीतल्या मिठासारखे आहे, कमी पडले तर अळणी आणि जास्त झाले तर खारट, असा दाखला तो देतो.

कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हे नियम ओळखीचे वाटतील. आख्यान कुठे थांबवायचे, आर्या कुठे टाकायची, अभंग कुठे उचलायचा, ही जाण आपल्या कीर्तनकारांनीही अशीच गुरूपाशी मिळवलेली असते. अतिशयोक्ती टाळा आणि मीठ बेताने घाला, हे दोन नियम घेऊन आपण काशिफीचे दोन ग्रंथ पाहू.

पंचतंत्र, अस्वल आणि माळी

पंचतंत्राचा पश्चिमेकडचा प्रवास सर्वज्ञात आहे. सहाव्या शतकात अनुशिरवान राजाच्या दरबारातल्या बुर्जोया वैद्याने ते पहलवीत नेले, आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाने त्याचे अरबी ‘कलीला व दिम्ना’ केले. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे असे नाव बदलून जगभर फिरले. बाराव्या शतकात गझनीच्या दरबारात नसरुल्ला मुन्शीने अरबीवरून फारसी गद्य रचले. काशिफीची तक्रार अशी की नसरुल्लाची भाषा अवघड अरबी शब्दांनी भरली आहे आणि लोक ती वाचत नाहीत. म्हणून त्याने नवे पुस्तक लिहिले आणि ते अमीर शेख अहमद सुहैली याला अर्पण केले. सुहैल म्हणजे अगस्त्याचा तारा. ‘अन्वारे सुहैली’ म्हणजे अगस्त्याचे किरण.

लोकांसाठी सोपे करायला निघालेल्या या माणसाने केले काय? विष्णुशर्म्याचे पुस्तक राजा, त्याचे तीन मंदबुद्धी मुलगे आणि सहा महिन्यांची मुदत एवढे सांगून झटक्यात गोष्टींना लागते. काशिफीने इब्नुल मुकफ्फा आणि बुर्जोया यांच्या प्रस्तावना काढल्या आणि त्यांच्या जागी स्वतःची चौकट घातली. हुमायूं फाल नावाचा राजा शिकारीला जातो, डोंगरावर मधमाश्यांचे पोळे पाहतो, त्यावरून प्रधानाशी राज्यनीतीची चर्चा निघते. मग दाबशलीम राजाला स्वप्न पडते, पुरलेले धन मिळते, त्यात हुशंग राजाचे चौदा उपदेश असतात आणि ते समजून घ्यायला राजा सरनदीपला, म्हणजे लंकेला, बिदपाय ऋषीकडे जातो. पहिला कोल्हा भेटेपर्यंत वाचक दमतो. घरी बसून फारसी शिकणाऱ्या माझ्यासारख्याला तर हा ग्रंथ छळतो. एक सकाळ उजाडायची तर सूर्यावर चार उपमा आणि दोन बैत खर्ची पडतात. एडवर्ड ब्राउन या इंग्रज पंडिताने या भाषांतरांची तुलना करून काशिफीवर कडक ताशेरे ओढले, त्याचे कारण हेच. आणि ते ब्राउनच्या कितीतरी आधी अकबराने ओळखले होते. त्याने अबुल फजलकडून याच ग्रंथाची सोपी आवृत्ती ‘इयारे दानिश’ या नावाने १५८८मध्ये करून घेतली. अबुल फजलने काशिफीने गाळलेला मजकूरही परत घेतला. काशिफीच्या स्वतःच्या मापाने इथे मीठ जास्त झाले आहे.

पण एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल, कारण गोष्ट रचण्यात काशिफी कच्चा नव्हता. एकच उदाहरण घेतो. पंचतंत्रात राजाच्या सेवेतले माकड झोपलेल्या राजावर बसलेली माशी तलवारीने मारायला जाते आणि राजालाच मारते. मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा, एवढे सांगून गोष्ट संपते. काशिफीकडे राजा नाही, माळी आहे, आणि माकडाच्या जागी अस्वल आहे. माळ्याला ना बायको ना मूल. झाडांच्या संगतीत राहून एकाकीपणाने तो कासावीस होतो, डोंगराकडे निघतो आणि तिथे तसेच एकटे अस्वल त्याला भेटते. दोघे एकमेकांचा आधार होतात. माळी झोपला की अस्वल माश्या वारते. आणि एके दिवशी हट्टी माशीवर ते दगड टाकते.

अस्वल आणि माशी रूमीच्या मसनवीत आहेत आणि मसनवीचा संक्षेप काशिफीने केलेला होता. आपल्या काल्पनिक राजाला पाळीव माकड असते, ते का असते हे कोणी विचारत नाही. माणूस अस्वलाशी मैत्री का करील, हा प्रश्न मात्र काशिफीने विचारला आणि एकाकीपण हे उत्तर दिले. त्यामुळे शेवटचा दगड केवळ मूर्खपणाचा राहत नाही, त्याला करुणेची किनार येते. अन्वारच्या पहिल्या चार अध्यायांचे फ्रेंच रूपांतर १६४४मध्ये पॅरिसला निघाले. ला फोंतेनच्या १६७८च्या कथासंग्रहात ही गोष्ट माळी, अस्वल आणि एकाकीपण यांसह आली. ला फोंतेनने ‘भारतीय ऋषी पिल्पाय’ याचे ऋण मानले. त्या ऋणातला मोठा वाटा हेरातच्या प्रवचनकाराचा आहे.

हुतात्म्यांची बाग

‘रौजतुश्शुहदा’ काशिफीने म्हातारपणी लिहिले. सुलतानाच्या नात्यातला, सय्यद मिर्झा म्हणून ओळखला जाणारा एक सरदार ते लिहवून घेणारा होता. मोहरममध्ये लोक जमतात, करबलाच्या हकिगती ऐकतात, पण सगळी कथा एका ठिकाणी नाही, ही अडचण होती. काशिफीने दहा अध्यायांत ती बांधली. ग्रंथ करबलापासून सुरू होत नाही. तो आदमपासून सुरू होतो. देव ज्याच्यावर जास्त प्रेम करतो त्याच्यावर संकटेही जास्त येतात, हे सूत्र धरून नूह, इब्राहीम, याकूब-यूसुफ अशी प्रेषितांची दुःखे येतात. मग पैगंबरांचा छळ आणि निधन, फातिमा, अली, हसन; आणि अखेर हुसेन, त्याचा दूत मुस्लिम, करबला आणि नंतरची परवड. श्रोता करबलाच्या मैदानावर पोहोचतो तेव्हा सृष्टीच्या आरंभापासूनचे दुःख त्याच्या खांद्यावर आलेले असते. इतक्या मोठ्या चढणीची योजना करणारा लेखक केवळ संकलक म्हणून निकालात काढता येत नाही.

भाषाही इथे वेगळी आहे. पद्य आहे, पण ते श्रोत्याला श्वास घ्यायला जागा देते. सुन्नी आणि शिया दोन्ही परंपरांतले ग्रंथ तो नावानिशी सांगतो. जिब्रीलच्या गोष्टीतली रीत इथेही आहे, सभा फुटू द्यायची नाही. परिणाम मात्र इतिहासाने त्याच्या हातातून काढून घेतला. सफवी इराणमध्ये हा ग्रंथ शिया शोकविधीचा कणा झाला. तुर्कीत फुजूलीने त्याच्या आधारे काव्य-गद्य रचले. दखनीत त्यावर मसनव्या झाल्या. उत्तरेत फजल अली फजली याने हिजरी ११४५मध्ये, म्हणजे १७३२-३३मध्ये, त्याच्यावरून आरंभीच्या उर्दू गद्यातले ‘करबल कथा’ लिहिले. कारणही त्यानेच सांगितले आहे : घरातल्या बायका फारसी ऐकत, पण अर्थ कळत नसल्याने त्यांना रडू येत नसे. ग्रंथाच्या नावात ‘कथा’ हा शब्द आला, तो या मातीतून.

कासिमचे लग्न

आणि याच ग्रंथात तो प्रसंग आहे, ज्यावरून काशिफीवर सर्वांत जड आरोप झाला. हसनचा कोवळा मुलगा कासिम रणात जायला निघतो. हुसेनला भावाची अखेरची इच्छा आठवते आणि तो तंबूतच आपल्या मुलीशी कासिमचे लग्न लावतो. लगेच कासिम लढायला जातो आणि मारला जातो. वधूच्या हातची मेंदी आणि वराचे रक्त यांची सांगड लोकमनाने घातली. लखनौ-हैदराबादकडे मोहरमच्या सातव्या दिवशी मेंदीच्या मिरवणुका निघतात, त्या या लग्नाच्या.

जुन्या करबलावृत्तांत हे लग्न नाही. ते काशिफीच्या ग्रंथातून पसरले, असे चिकित्सक शिया विद्वानच सांगतात. हुसेन नूरी या मोठ्या हदीसपंडिताने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रौजाखानांच्या खोट्या कथांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याला निमित्त झाली होती हिंदुस्थानातून, जौनपूरच्या एका विद्वानाकडून आलेली तक्रार. पुढे मुर्तजा मुतह्हरी यांनी इराणमध्ये व्याख्यानांतून हाच मुद्दा मांडला. ज्या दिवशी बाणांच्या वर्षावात नीट नमाजालाही अवसर नव्हता, त्या दिवशी लग्न लावायला वेळ कुठला, असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. खोट्यावर रडवल्याने हुसेनचा लढा झाकला जातो, बलिदानामागचे कारण विसरते आणि उरतात फक्त अश्रू, ही त्यांची खरी तक्रार.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य करायला आधुनिक इतिहासशास्त्राची गरजही नाही. अशक्य सांगू नये, हा काशिफीच्याच ग्रंथातला नियम आहे. अन्वारमध्ये त्याने शब्दांचे मीठ जास्त घातले, रौजामध्ये अश्रूंचे. मात्र या दोन चुकांचा निकाल सारखा लागला नाही. अन्वारचे मीठ अबुल फजलने धुऊन काढले आणि गोष्टी शाबूत राहिल्या. रौजातली नवरी मात्र पंडितांच्या निषेधानंतरही हटली नाही. कारण ती आता काशिफीची राहिली नव्हती. ज्या बायकांसाठी फजलीने कथा सोपी केली, ज्या घरांतून लग्नानंतर लगेच वैधव्य पाहिले गेले होते, त्यांनी ती ठेवून घेतली. आपल्याकडे संतचरित्रे वाचणाऱ्याला हा पेच नवा नाही. चमत्कार काढून टाका म्हणणारा अभ्यासक बरोबर असतो आणि तो ऐकून डोळे पुसणारी बाईही खोटे वागत नसते.

तरीही लेखकाची जबाबदारी संपत नाही. ऐकणाऱ्याला इतिहास आणि आख्यान यांतला फरक करायची सोय नसते. ती सांगणाऱ्याने करायची असते. काशिफीला हे कळत होते, म्हणून तर त्याने तो नियम लिहिला. कडेगावचे उंच ताबूत असोत वा आपल्या खेड्यापाड्यांतल्या पंजांपुढे हिंदू-मुसलमानांनी मिळून म्हटलेली करबलाची गाणी, या सगळ्यांचा काशिफीशी थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल. पण करबला ही रडून ऐकायची एक सलग कथा आहे, तिला सुरुवात, चढण आणि शेवट आहे, ही समज फारसी आणि दखनीतून इकडे आली आणि तिच्या मुळाशी ज्या पुस्तकांचे नाव घ्यावे लागते त्यांत त्याचे पुस्तक पहिल्या रांगेत आहे.

म्हणून काशिफीला ना थोर म्हणून डोक्यावर घ्यायचे, ना बाजारू म्हणून झटकायचे. विद्वानांच्या कोठारातले धान्य त्याने पाच शतके पुरेल इतक्या लोकांच्या ताटात वाढले. ते वाढताना दोन ठिकाणी त्याचा हात मोकळा सुटला. त्या दोन्ही जागा दाखवून देणारे माप त्यानेच चौकातल्या कथेकऱ्यांसाठी लिहून ठेवले होते. त्याचे मूल्यमापन करायचे तर त्या मापाने करावे.